गिअर ऑइलची गळती: जुन्या मारुती ८००चं ॲक्सल सील घरी बदलताना

इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या गल्लीत अजून चार-पाच जुन्या मारुती ८०० रोज रस्त्यावर येतात. रविवारी सकाळी कुणीतरी ओलसर पुठ्ठा हातात घेऊन येतं आणि म्हणतं, "सील नवीन टाकलं हो, दोन महिनेसुद्धा झाले नाहीत, पुन्हा तेच." बहुतेक वेळा सीलची, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्याची, चूक नसते. चूक क्रमाची असते. गळती कुठून होते ते न पाहता सील बदललेलं असतं, गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर पडायची वाट, बंद असतो, किंवा गाडी पुढून उचललेली असतानाच ऑइल भरून लेव्हल चुकवलेली असते.

हा लेख पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, मॅन्युअल गिअरच्या जुन्या छोट्या गाड्यांसाठी आहे. उदाहरण मारुती ८००चं घेतलं आहे. जुनी अल्टो, झेन यांनाही रीत जवळपास हीच. ओम्नीचं वेगळं आहे. तिची मागची चाकं इंजिन फिरवतं, त्यामुळे तिथे गिअरबॉक्सच्या शेपटीचं, प्रोपेलर शाफ्टजवळचं सील बघावं लागतं. पहिले तीन टप्पे मात्र ओम्नीलाही लागू आहेत.

सवय नसेल तर पूर्ण दिवस हाताशी ठेवा. दुपारी चारला हे काम सुरू करू नका.

टप्पा १ : गळतंय ते गिअर ऑइलच आहे का?

रात्री इंजिन-गिअरबॉक्सखाली मोठा, पांढरा किंवा फिकट पुठ्ठा सरकवा. पुढची चाकं कुठे आहेत त्याची पेनाने खूण करा, म्हणजे थेंब गाडीच्या नेमक्या कोणत्या भागाखाली पडला ते सकाळी कळेल. थेंब बोटावर घ्या, चोळा, वास घ्या.

गिअर ऑइल दाट असतं. त्याला गंधकासारखा उग्र, नकोसा वास येतो आणि तो हात धुतल्यावरही लगेच जात नाही. हा वास एकदा ओळखीचा झाला की पुन्हा चूक होत नाही. इंजिन ऑइल काळपट आणि त्यामानाने पातळ, त्याचा वास जळकट. कूलंट पाण्यासारखं, रंगीत आणि गोडसर वासाचं. ते कधीही चाखून बघू नका, विषारी असतं. काळं, लोण्यासारखं घट्ट ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला गोलाकार उडालेलं असेल तर ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटवरचं रबरी बूट फाटलं आहे. ते काम वेगळं. ऑइल सील बदलून ते थांबणार नाही.

*सावध:* चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या नळीजवळ पातळ, जवळजवळ बिनरंगाचं तेलकट द्रव दिसलं तर तो ब्रेक फ्लुइड असू शकतो. गाडी हलवू नका. आधी ब्रेक.

गाडी ऑटोमॅटिक असेल आणि थेंब लालसर असेल तर ते ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, म्हणजे एटीएफ. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये गळती बहुधा खालच्या पॅनच्या गास्केटमधून किंवा रेडिएटरकडे जाणाऱ्या कूलर नळ्यांच्या सांध्यांतून होते. तिथे खाली दिलेली रीत चालणार नाही, आणि त्यात मॅन्युअलचं गिअर ऑइल तर चुकूनही ओतू नका. काही गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही लाल एटीएफच असतं, म्हणून लाल थेंब दिसला की स्टिअरिंगची डबीही उघडून बघा.

टप्पा २ : गळती कुठून होते ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक लोक सगळ्यात कमी वेळ इथेच देतात.

गाडी चालताना वारा तेल मागे ढकलतो आणि वजनाने ते खाली उतरतं. थेंब ड्रेन प्लगच्या टोकाला लोंबत असतो, म्हणून प्लग आवळला जातो; तेल मात्र वीतभर वरून, सीलमधून किंवा इंजिनाच्या वरच्या झाकणातून उतरत आलेलं असतं. एक नियम धरून चाला: ओल्या भागात जी जागा सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे आहे, तिथेच मूळ.

पण आठ-दहा वर्षांची काळी माती तेलात कालवून गिअरबॉक्सवर थापलेली असेल तर वर काय, खाली काय, काहीच दिसत नाही. माळव्यात पावसाळ्यानंतर हा थर सिमेंटसारखा बसतो. तो खरवडा. घासलेट किंवा डिझेल आणि ताठ ब्रश घेऊन गिअरबॉक्स, दोन्ही शाफ्टची मुळं आणि इंजिनाचा लागून असलेला भाग स्वच्छ करा. इंजिन पूर्ण थंड असतानाच हे करा, आसपास विडी-सिगारेट नको. फडक्याने पुसा आणि तासभर वाळू द्या. मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा, दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची रेघ स्वच्छ दिसते.

आता जागेनुसार ठरवा.

शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे ओल असेल तर ॲक्सल सील. हे घरी होतं आणि हा लेख त्याचाच. ड्रेन किंवा लेव्हल प्लगभोवती ओल असेल तर वॉशर किंवा आटे. तेही घरी होतं, टप्पा ६ आणि १० पुरेसे आहेत. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवर बसते तिथून ओल येत असेल तर तिथली ओ-रिंग बदलायची, अर्ध्या तासाचं काम. रिव्हर्स लाइटच्या स्विचपाशी ओल असेल तरी तसंच.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या घंटेसारख्या भागाच्या तळातून थेंब येत असेल तर गोष्ट वेगळी. वास गंधकाचा असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं, जळकट असेल तर इंजिनाचं मागचं सील. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तेल क्लच प्लेटवर गेलं तर चढावर क्लच घसरायला लागतो. भेरूघाटात गाडी नुसती गुरगुरते, वर चढत नाही. हे काम गल्लीत जॅकवर करू नका, मिस्त्रीकडे द्या. गिअरबॉक्सच्या दोन अर्ध्यांच्या जोडातून गळत असेल तरी हेच.

*तपासा:* मूळ जागा बोट ठेवून दाखवता येते का? येत नसेल तर पुन्हा धुवा, पुन्हा पावडर. पुढे जाऊ नका.

टप्पा ३ : ब्रीदर

गिअरबॉक्स चालताना तापतो आणि आतली हवा फुगते. ती बाहेर पडायला वरच्या बाजूला छोटी टोपी किंवा नळी असते, तो ब्रीदर. तो मातीने बुजला की आत दाब साचतो आणि तेल सगळ्यात कमजोर वाटेने बाहेर पडतं. ती वाट बहुधा सीलच असते. अशा वेळी चांगलं सीलही गळतं, आणि नवं घातलं तरी काही आठवड्यांत तेच.

बोनेट उघडून ब्रीदर शोधा. टोपी असेल तर ती हाताने हलते-फिरते का बघा. नळी असेल तर काढून फुंका, हवा सहज गेली पाहिजे. घासलेटने धुऊन वाळवून परत बसवा. तार खुपसू नका, कचरा आत पडतो.

ब्रीदर ठार बंद सापडला आणि गळती किरकोळ असेल, तर माझं म्हणणं असं की सील लगेच काढू नका. ब्रीदर साफ करा, सगळं पुसा, लेव्हल बघा आणि आठवडाभर गाडी चालवा. ऑइल जास्त भरलेलं असलं तरीही सील गळतं, म्हणून लेव्हल बघणं आलंच. या दोन गोष्टींनी गळती थांबली तर शाफ्टला हात लावायची गरज नाही.

टप्पा ४ : शाफ्टचा ढिलेपणा

गिअरबॉक्सला लागून असलेला शाफ्टचा जाड भाग, म्हणजे आतला जॉइंट, हाताने धरून वर-खाली हलवा. मग दुसऱ्या बाजूचा हलवा. किंचित हालचाल दोन्हीकडे सारखी असेल तर ठीक. एका बाजूला स्पष्ट खडखड असेल तर आतलं बेअरिंग झिजलं आहे. तिथे नवं सील टिकत नाही, कारण शाफ्ट गोल न फिरता हेलकावे खातो आणि सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी रबरी कड, एका बाजूने उघडा पडतो. हे आत्ताच कळलं तर दिवस आणि पैसे दोन्ही वाचतात.

टप्पा ५ : सामान आणि जागा

सामान आधी, जॅक नंतर. गाडी स्टँडवर, शाफ्ट बाहेर आणि दुकान रविवारचं बंद, ही वेळ येऊ देऊ नका.

ॲक्सल सील गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून घ्या, एक जास्तीचंही. डावं आणि उजवं सील वेगळं असू शकतं. काही सीलवर फिरण्याच्या दिशेचा बाणही असतो. सीलवर तीन आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. जुनं सील बाहेर आल्यावर हे आकडे जुळवायचे आहेत, म्हणून दुकानदाराला बदलून देण्याबद्दल आधीच विचारून ठेवा.

ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत आहे तोच घ्या. जुन्या मारुतीत साधारण ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ दर्जाचं चालतं. "जीएल-५ वरचं आहे, अजून चांगलं" असं कुणी सांगितलं तरी घेऊ नका. जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) त्रासदायक ठरू शकतात, आणि या गिअरबॉक्समध्ये त्या रिंगा आहेत. अडीच लिटर घरात असू द्या, थोडं उरेल.

बाकी: ड्रेन आणि लेव्हल प्लगचे नवे वॉशर, नव्या काटपिना, गोटी पान्यांचा संच, रिंग पाने, लांब टॉमी, चपटा रुंद पेचकस, रबरी हातोडी, व्हर्नियर किंवा निदान स्टीलची पट्टी, पाच लिटरचं पसरट घमेलं, नरसाळं, मीटरभर पारदर्शक नळी, डोळ्यांना चष्मा. नवं सील ठोकायला सीलच्या बाहेरच्या कडेइतक्या व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा. प्लंबरकडे पडलेला मिळतो. त्याचं तोंड सपाट कापून, घासून घ्या.

लोखंडी स्टँड दोन, चांगले. सियागंजात हत्यारांच्या दुकानांत मिळतात, नाहीतर ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी आणा. हा खर्च टाळू नका.

जागा सपाट आणि काँक्रीटची हवी. पावसाळ्यानंतरच्या काळ्या मातीत जॅक खचतो आणि मे महिन्याच्या दुपारी डांबरातही रुततो. जॅकखाली जाड फळी घाला.

*सावध:* फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. विटांवर गाडी ठेवायची नाही. वीट न सांगता फुटते. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. पुढची दोन्ही चाकं उचला. याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे गाडी स्थिर राहते. दुसरं, एकच चाक उचललं तर आडवा स्टॅबिलायझर बार पिळात राहतो आणि पुढे खालचा आर्म दाबताना तो तुमच्याशी झगडतो. स्टँडवर टेकवल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा. डुलली तर उतरवून पुन्हा लावा.

टप्पा ६ : आधी वरचा प्लग, मग खालचा

गिअरबॉक्सच्या बाजूला असतो तो लेव्हल प्लग. तिथूनच ऑइल भरायचं असतं. तळाला असतो तो ड्रेन प्लग. लेव्हल प्लग सुटतो याची खात्री झाल्याशिवाय ड्रेन प्लगला हात लावू नका.

माझ्या पहिल्या वेळी मी उलटं केलं होतं. तेल सगळं काढून टाकलं आणि मग कळलं की वरचा प्लग वर्षानुवर्षं न उघडल्याने जाम झाला आहे. गाडी जागेवर अडकली, चालवून गॅरेजपर्यंतही नेता येईना. दोन दिवस गेले आणि प्लगचं तोंडही गोल झालं. जाम असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारा, अर्धा तास थांबा, तोंडावर हातोडीने हलके टोले द्या आणि नेमक्या मापाच्या गोटीनेच फिरवा. काही प्लगना बाहेर सहा कडा असतात, काहींना आत चौकोनी खाच. हत्यार घट्ट बसत नसेल तर जोर लावू नका.

गाडी जॅकवर घेण्याआधीच ती पाच-सात किलोमीटर चालवून आणा, म्हणजे ऑइल कोमट होऊन पूर्ण निथळतं. जानेवारीतल्या इंदूरच्या सकाळी थंड ऑइल काकवीसारखं येतं आणि बरंच आत राहतं. उकळत्या गरमही नको, हात भाजेल.

ड्रेन प्लग काढा, पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या. प्लगच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावरचा करडा लगदा बोटात चोळून बघा. मऊ, लोण्यासारखा लगदा नेहमीचाच. कडक तुकडे, चकाकणारे काप किंवा दाताचा तुकडा निघाला तर इथेच थांबा. आत गिअर तुटतो आहे, सीलने काही होणार नाही.

ऑइल दुधाळ निघालं तर आत पाणी गेलं आहे. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली असेल तर असं होतं. मग नवं ऑइल भरून दोनेकशे किलोमीटरनंतर ते पुन्हा बदलायचं ठरवून ठेवा.

जुनं ऑइल कॅनमध्ये घट्ट बंद करा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. गटारात ओतू नका. आपल्या शहरातले नाले कान्ह नदीत जातात आणि कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. तेलाने भिजलेली फडकी सुक्या कचऱ्यात न टाकता, कचरा गाडीत घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, तिथे द्या.

टप्पा ७ : शाफ्ट बाहेर काढा, पण हब नटला हात लावू नका

फक्त गिअरबॉक्सकडचं सील बदलायचं असेल तर चाकाच्या मधला मोठा हब नट सोडायची गरज नाही. लोक उगाच तो सोडतात, नंतर नीट आवळत नाहीत आणि चाकाचं बेअरिंग घालवतात.

चाक काढा. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट नकलमध्ये, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागात, एका आडव्या बोल्टने पकडलेला असतो. तो बोल्ट नुसता सैल न करता पूर्ण बाहेर काढा, कारण तो जॉइंटच्या खाचेतून जातो. मग लांब टॉमीने आर्म खाली दाबा, जॉइंट सुटेल. टाय रॉडचं (चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांडीचं) टोक आड येत असेल तर त्याची काटपिन काढून तेही सोडा.

आता नकल बाहेरच्या बाजूला झुकवा. ब्रेकच्या नळीवर ताण येत नाही ना ते बघत राहा.

आतला जॉइंट गिअरबॉक्सच्या तोंडापाशी आहे, तिथे दोन्हींच्या फटीत टॉमी घालून जॉइंटच्या जाड भागाला झटका द्या. आत एक स्प्रिंग क्लिप असते, ती सुटली की शाफ्ट बाहेर येतो. शाफ्टची बारीक दांडी धरून ओढू नका. तसं केलं की आतला जॉइंट स्वतःच उकलतो, त्यातले रोलर निसटतात आणि अर्ध्या तासाचं काम अर्ध्या दिवसाचं होतं. टॉमी सीलवर किंवा ॲल्युमिनियमच्या कडेवरही टेकवू नका. त्या कडेला पडलेला ओरखडा पुढे स्वतःच गळतीची वाट होतो.

शाफ्ट लोंबकळत सोडू नका, तारेने बांधून सरळ ठेवा.

*सावध:* दोन्ही बाजूंची सील बदलायची असली तरी एका बाजूचं काम पूर्ण करून मगच दुसरी उघडा. दोन्ही शाफ्ट एकाच वेळी बाहेर काढले तर काही गिअरबॉक्समध्ये डिफरेन्शिअलचे, म्हणजे दोन्ही शाफ्टना ताकद वाटून देणारे, गिअर जागेवरून सरकतात आणि शाफ्ट परत आत जात नाही.

टप्पा ८ : जुनं सील

काढण्याआधी मापा. सील गिअरबॉक्सच्या कडेपासून किती आत बसलं आहे, सपाट आहे की दोन मिलिमीटर खोल, हे पट्टीने चार ठिकाणी मोजून लिहून ठेवा आणि मोबाइलवर फोटोही काढा. हे एक मिनिट वाचवलं की नवं सील अंदाजाने ठोकलं जातं.

मग रुंद पेचकस सीलच्या ओठाखाली घालून आतून बाहेर उचका. एकाच जागी जोर न लावता फिरत फिरत उचका. पेचकसाच्या दांडीखाली लाकडाची चिप किंवा जाड फडकं ठेवा, म्हणजे ॲल्युमिनियम दबणार नाही. सीलमध्ये ड्रिलने भोक पाडून स्क्रूने ओढायची युक्ती सांगितली जाते. घरी ती करू नका, बुरादा थेट गिअरबॉक्समध्ये जातो.

बाहेर आलेलं सील टाकू नका. आकडे नव्याशी जुळवा. त्याचा ओठ बघा: कडक होऊन तडकला असेल तर वयाने गेलं, मऊ असून एका बाजूनेच झिजला असेल तर टप्पा ४ पुन्हा आठवा.

आता शाफ्टवर सील जिथे घासतं तो गुळगुळीत पट्टा पुसून त्यावरून नख आडवं फिरवा. नख खाचेत अडकलं तर शाफ्टला चर पडला आहे. हलकी खडबड असेल तर बारीक, सहाशे नंबरच्या वरचा पॉलिश पेपर गोल फिरवत घासा. लांबीच्या दिशेने कधीच नाही, कारण त्या उभ्या रेघांतून तेल बाहेर चालत येतं. चर खोल असेल आणि बैठकीत जागा असेल तर नवं सील दीड-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागी टेकतो. तेवढी जागा नसेल तर जॉइंट बदलायला लागेल.

टप्पा ९ : नवं सील बसवा

बैठक स्वच्छ, कोरड्या फडक्याने पुसा. नव्या सीलच्या ओठाला गिअर ऑइल किंवा थोडं ग्रीस लावा. कोरडं सील पहिल्या किलोमीटरलाच जळतं. बाहेरच्या कडेला तेलाचा हलका हात पुरे. सिलिकॉन सीलंट थापू नका, त्याचे जास्तीचे गोळे आत पडतात.

ज्या बाजूला बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू आत, तेलाकडे. हे उलटं बसलेलं सील मी स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा पाहिलं आहे, दोन्ही वेळा अनुभवी हातांनी बसवलेलं.

आधी अंगठ्यांनी चहूबाजूंनी सारखं दाबून तोंडाशी धरवा. मग पीव्हीसीचा तुकडा ठेवून रबरी हातोडीने हलके, सारखे टोले. तिरकं झालं असं वाटलं तर थांबा आणि वर आलेल्या बाजूला ठोका. अर्ध्यात वाकलेलं सील सरळ करून वापरायचं नाही. एक जास्तीचं सील आणून ठेवायचं कारण हेच.

*तपासा:* लिहून ठेवलेलं माप चारही ठिकाणी जुळतं का? ओठाची स्प्रिंग जागेवर आहे का? ती ठोकताना उडते, म्हणून टॉर्चने बघा.

शाफ्टचा पट्टा आणि दाते स्वच्छ करा, तेलाचा हात द्या. शाफ्ट अगदी सरळ, मधोमध धरून आत सरकवा. दात्यांच्या कडा धारदार असतात. त्या सीलच्या ओठाला लागल्या तर नवं सील तिथेच कापलं जातं. इथे दुसरा माणूस हवा, एकाने वजन धरायचं आणि दुसऱ्याने डोळा लावून बघायचं. दाते जुळेपर्यंत किंचित फिरवा, मग जॉइंटवर तळहाताने ठोसा. क्लिप बसल्याचा 'टक' येतो. जॉइंटचा जाड भाग धरून हलकेच बाहेर ओढा, निघता कामा नये.

बॉल जॉइंट नकलमध्ये वर सरकवा, खाच बोल्टच्या भोकासमोर आणा, बोल्ट घाला, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, म्हणजे नेमक्या जोराने, आवळा. टॉर्कचा पाना नसेल तर भाड्याने आणा. हे सस्पेन्शन आहे, "हाताचा अंदाज" इथे चालत नाही. टाय रॉड सोडला असेल तर नवीच काटपिन.

टप्पा १० : ऑइल भरणं

ड्रेन प्लग नव्या वॉशरसह लावा. ॲल्युमिनियमचे आटे नाजूक असतात. आधी हाताने चार-पाच फेरे, मग पाना. गळती थांबावी म्हणून जास्त आवळून आटे घालवणं ही खूप लोकांची चूक आहे.

बोनेटमधून पारदर्शक नळी लेव्हल प्लगच्या भोकात सोडा, वर नरसाळं, आणि हळूहळू ओता. आता सगळ्यात जास्त होणारी चूक: गाडी पुढून उचललेली असताना भोकातून तेल आलं म्हणून लेव्हल पूर्ण समजणं. नाक वर असेल तर लेव्हल खोटी असते. दोन लिटरच्या आसपास भरा, प्लग हाताने लावा, चाक बसवा, गाडी खाली उतरवा, सपाट जागी उभी करा. चाकाचे नट आता जमिनीवर, तिरप्या क्रमाने आवळा. मग लेव्हल प्लग उघडा. तेल ओघळून येत असेल तर जास्तीचं वाहू द्या, थेंब थेंब झालं की बंद करा. येत नसेल तर भोकाच्या कडेपर्यंत येईल इतकं घाला. घाई नको, थंड ऑइल आत पसरायला पाच मिनिटं घेतं.

टप्पा ११ : चाचणी

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर घालून बघा, रिव्हर्ससह. मग इंजिन सुरू करून, क्लच दाबून पुन्हा. गिअरबॉक्स, सील, प्लग सगळं पुसून कोरडं करा. पहिली फेरी गल्लीतच, हळू, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून. टक-टक आवाज आला तर थांबून शाफ्टची बैठक बघा.

मग राजेंद्र नगरवरून राऊकडे पंधरा-वीस किलोमीटरचा फेरा मारा. परत आल्यावर टॉर्चने सीलभोवती बघा आणि रात्रभर नवा पुठ्ठा ठेवा, पुन्हा चाकांच्या खुणा करून. पहिल्या सकाळी एखादा थेंब दिसला तर घाबरू नका. काम करताना सांडलेलं तेल कोपऱ्यातून उतरत असतं. पुसा, पुन्हा पुठ्ठा घाला. तिसऱ्या सकाळीही त्याच जागी ओल असेल तर ते खरं आहे. मग परत टप्पा २ पासून, पावडर घेऊन.

चाकाचे नट शंभर किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासा. लेव्हल प्लग पाचशे किलोमीटरनंतर, सकाळी, गाडी थंड आणि सपाट असताना उघडा आणि करंगळी आत घाला. बोटाचं टोक तेलाला लागलं पाहिजे.